नो ड्यूजचा शिक्का

राजेहो, मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात पदवी मिळायला तीन वर्षं लागतात आणि ग्रंथालयाची ओळख व्हायला तीन मिनिटं. ही तीन मिनिटं जून-जुलैच्या एखाद्या दमट दुपारी येतात. टीसी काढायच्या दिवशी.

खिडकीवरचे बाबू म्हणतात, "आधी लायब्ररीचा नो ड्यूज आन." पोरगं लायब्ररी कुठं आहे हे विचारत विचारत पोचतं. पंखा, टेबल, टेबलामागं सर.

"कितीक पुस्तकं हायेत तुह्याकडं?"

"एकबी नाही, सर."

"वापस केले?"

"नेलेच नव्हते, सर."

"शाबास. असे पोरं पाह्यजे." आणि शिक्का बसतो.

हा संवाद मी टेबलाच्या अलीकडे उभा राहून ऐकला आहे. कॉलेजाचं नाव विचारू नका. या कागदाचं मराठी नाव मोठं गोड आहे : नादेय प्रमाणपत्र. म्हणजे सदर विद्यार्थ्याचं ग्रंथालयाशी काही देणं-घेणं नाही, असं ग्रंथालयच लिहून देतं. इतकं खरं बोलणारा दुसरा सरकारी कागद माझ्या पाहण्यात नाही.

आता या पोराचं विद्यापीठ कोणतं? संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. स्थापना १ मे १९८३, हद्द अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम. आमच्या स्टँडवरून कारंजामार्गे शंभरेक किलोमीटर. रेल्वे मंगरूळपीरला नाही, तेव्हा लाल डबा आणि गुडघे. ज्या संताचं नाव विद्यापीठाला आहे तो स्वतः शाळेत गेला नव्हता, पण जेवायचं ताट मोडा आणि पोरांना शिकवा, असं गावोगाव सांगत फिरला. आपण ताट शाबूत ठेवलं आणि पोरांना नो ड्यूज दिला.

विद्यापीठात ग्रंथालय आहे, पण त्याला ग्रंथालय म्हणायचं नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ आला आणि 'ज्ञान स्रोत केंद्र' हे नाव रूढ झालं. ग्रंथपाल संचालक झाले. नाव वाढवण्याला माझी हरकत नाही. आमच्याच गावाचं वाढलं आहे. धामणगावकडे एक मंगरूळ दस्तगीर आहे, नांदगाव खंडेश्वरकडे मंगरूळ चव्हाळा आहे, तेव्हा दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याचं आमचं मंगरूळ 'पीर' लावून ओळखू येतं. एसटी चुकत नाही, पोस्टातली पत्रं चुकत नाहीत. नाव वाढवल्याचा हा रोकडा फायदा. ग्रंथालयाचं ज्ञान स्रोत केंद्र झाल्यावर कोणती एसटी योग्य जागी पोचू लागली, ते मी अजून शोधतो आहे.

अमरावतीच्या त्या केंद्राला डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव आहे. हे मात्र अचूक बसलं. काटोलकडचा हा माणूस एमबीबीएस, एमडी, मग कायदा, मग एकामागून एक एमए करत सुटला. वीस पदव्या त्याच्या नावावर सांगतात. आधी आयपीएस सोडली, मग आयएएसही सोडली, १९८० ला पंचविशीतच आमदार झाला आणि २००४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेला. घरात पुस्तकांचा ढीग. पुस्तकं वाचून पदव्यांचा डोंगर करणाऱ्याचं नाव त्या दारावर आहे, आणि दाराबाहेर आमची पिढी एकही पुस्तक न घेता पदवी कशी मिळते याचं प्रात्यक्षिक दाखवते आहे. प्रगती म्हणतात ती हीच.

बरं, विद्यापीठाचं ग्रंथालय देतं तरी काय? पुस्तकं देतं, हे आपल्याला ऐकून माहीत आहे. पण आता त्याची खरी दौलत कपाटात नाही, तारेत आहे. ई-जर्नल, ई-पुस्तकं, प्रबंध, जुनी नियतकालिकं, वाङ्‌मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं केंद्र आहे, देशभरच्या विद्यापीठ-ग्रंथालयांची तार तिथून जाते. त्यांनी २०१० पासून कॉलेजांसाठी एन-लिस्ट नावाची सोय चालवली. अनुदानित कॉलेजानं वर्षाला ५,९०० रुपये भरायचे, जीएसटीसकट. बदल्यात ६,००० वर जर्नल आणि लाखोंच्या घरात ई-पुस्तकं. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा आयडी, वेगळा पासवर्ड. घरून, शेतातून, स्टँडवरच्या रसवंतीतून उघडा.

५,९०० रुपये! पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे चौकात लागतात तसले दोन-तीन फ्लेक्स. आणि फ्लेक्सवर जर्नल नसतात, नुसते दात असतात.

म्हणून मी एका पोराला विचारलं, "तुझ्याकडं एन-लिस्टचा आयडी आहे का रे?"

"ते कायचं असते, काका? आपल्याकडं लिस्ट लागते, पण ते स्कॉलरशिपची."

मग मी त्याच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, आहे ना, कॉलेजनं भरले पैसे. पासवर्ड आहे. डायरीत आहे. डायरी ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवरची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते परीक्षेच्या ड्युटीवर गेलेत.

म्हणजे गांधीनगर ते मंगरूळपीर एवढं अंतर ज्ञान एका सेकंदात येतं आणि शेवटचे चार फूट, टेबलाच्या आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत, त्याला तीन वर्षं पुरत नाहीत.

पूर्वी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं लोखंडी साखळीनं फळीला बांधून ठेवत. त्याची आठवण शियाळी रामामृत रंगनाथन यांनी करून दिली. मद्रासचे हे गणिताचे मास्तर १९२४ मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिल्या काही दिवसांत इतके कंटाळले की पुन्हा वर्गावर पाठवा म्हणून मागं लागले. मग इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं पाहिली आणि पुन्हा गणिताच्या वर्गावर जायचं नाव काढलं नाही. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. पहिल्याचा मथितार्थ एवढाच : पुस्तक वापरायला असतं, राखायला नाही. दर १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालतात. हार घालताना फोटोमागं जे लोखंडी कपाट दिसतं, त्याला कुलूप असतं.

कुलपाचंही एक कारण आहे, ते न सांगणं अन्यायाचं होईल. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. पुस्तक हरवलं तर पडताळणीत ते निघतं आणि वसुली ग्रंथपालाच्या मानेवर येते. पुस्तक कोणी वाचलंच नाही तर? त्याची वसुली कुणावर नाही. तसा रकाना नोंदवहीत छापलेला नाही. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? मीही कुलूपच लावलं असतं, आणि किल्ली जानव्याला बांधली असती.

वेळापत्रकाचीही एक गंमत. ग्रंथालय साडेदहा ते साडेपाच. तासिकाही साधारण त्याच वेळात. म्हणजे तास चालू तेव्हा ग्रंथालय उघडं, तास संपला की ग्रंथालय बंद. शेलूबाजारकडची मुलगी शेवटच्या तासानंतर धावत स्टँड गाठते, कारण पुढची गाडी कधी लागेल हे चौकशी खिडकीलाही ठाऊक नसतं. तिनं पुस्तक घ्यायचं कधी? तास बुडवून. मग हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आली की तीच कॉलेजची वाईट विद्यार्थिनी. समृद्धी महामार्गाला शेलूबाजारजवळ उतरायची सोय झाली, नागपूरहून शिर्डीला जाणारा साहेब डिसेंबर २०२२ पासून तिथून सुसाट जातो. त्या मुलीच्या पुस्तकाला उतरायची सोय व्हायची आहे.

तरी ग्रंथालयात गर्दी नसते असं म्हणाल तर पाप लागेल. अभ्यासिकेत जाऊन पाहा. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, सरळसेवा. सकाळी जागा धरायला रुमाल टाकतात, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. पोरं पुस्तकं मात्र स्वतःची आणतात. ग्रंथालय त्यांना खुर्ची, उजेड, पंखा आणि गप्प बसण्याची जागा देतं. यावर नाक मुरडणारे प्राध्यापक मी पाहिलेत. मला मात्र वाटतं की खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथं टीव्ही, गाय आणि आजोबांचा खोकला एकाच वेळी चालू असतात, तिथल्या पोरासाठी चार तासांची शांतता हीच सगळ्यात मोठी सेवा आहे. ती देणाऱ्याला मी सलाम करतो. फक्त जनरेटर लावा. महावितरणला अभ्यासाचं वेळापत्रक माहीत नसतं.

ग्रंथालयाला खरी जाग येते ती कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची चमू येणार म्हटल्यावर. नॅकच्या फॉर्मात एक प्रश्न असतो : शिक्षक-विद्यार्थी मिळून रोज किती जण ग्रंथालय वापरतात? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका रजिस्टरमध्ये असतं आणि ते रजिस्टर एका रात्रीत भरता येतं. चार पेनं, चार हस्ताक्षरं. एका ठिकाणी उत्साहाच्या भरात रविवारीही सत्तर वाचक आले होते. चमूतल्या एका वृद्ध गृहस्थांनी कॅलेंडर पाहिलं, चष्मा पुसला आणि काही बोलले नाहीत. बहुधा त्यांच्याकडेही रविवारी वाचक येत असावेत.

दुसरी जाग १५ ऑक्टोबरला. अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन राज्यानं २०१५ मध्ये सुरू केला. त्या दिवशी कपाट उघडतं, सगळ्यांच्या हाती एकेक पुस्तक येतं, फोटो निघतो, पुस्तकं मोजून परत घेतली जातात. माझ्या शेजारच्या पोराच्या हाती त्या दिवशी रेशीम उद्योगावरचं पुस्तक आलं होतं. त्याला आवडलं. चौथ्या पानावर असताना परत घेतलं.

आता जरा वरच्या मजल्यावर. पीएचडी. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत 'शोधगंगा'वर टाकणं बंधनकारक झालं. तिथं आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत आणि वाचायला पैसा, पासवर्ड, ड्रॉवर, किल्ली, काही लागत नाही. त्यात आपला वाशिम जिल्हा शोधून पाहा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघालेला, २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत बसलेला आपला जिल्हा. मागास म्हणायचं नाही, आकांक्षित म्हणायचं; हेही ग्रंथालयाच्या ज्ञान स्रोत केंद्रासारखंच झालं. आकांक्षित ठरल्याचा एक फायदा असा की अभ्यासकांना विषयांची ददात नाही. सोयाबीन, सिंचन, बचत गट, कर्ज, स्थलांतर. प्रश्नावली घेऊन येतात, धुऱ्यावर बसून विचारतात, जातात. ज्या शेतकऱ्यानं उत्तरं दिली त्याच्या पोराला ते प्रबंध मोबाइलवर फुकट वाचता येतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बापाच्या दारिद्र्याचं कोष्टक कितव्या पानावर आहे, एवढं तरी पोराला कळू द्या.

आणि नकलेचा हिशेब? तोही ग्रंथालयाकडेच. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर दुरुस्त करून पुन्हा आणा. ४० ते ६० ला एक वर्ष घरी बसा. ६० च्या वर नोंदणी रद्द. अभियांत्रिकीच्या प्रवेशालाही इतके नीट पट्टे नाहीत. मी एका संशोधकाला अभिनंदनाचा फोन केला तर म्हणाला, "सर, नऊ टक्के आले!" मला वाटलं पोटनिवडणुकीतलं मतदान सांगतो आहे.

दिल्लीनंही मनावर घेतलं आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, ६,३०० संस्था, १ कोटी ८० लाख लाभार्थी. १ जानेवारी २०२५ पासून सुरू. वाचून मी पेढे आणायला निघालो होतो. मग बारीक अक्षर वाचलं. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आमच्या भागात कॉलेजं चालवतात शिक्षण संस्था. पगार सरकार देतं, व्यवस्थापन संस्था करते. म्हणजे नेशन वन, सबस्क्रिप्शनही वन, फक्त अमरावतीच्या विद्यापीठात बसलेला विद्यार्थी त्या वनमध्ये आणि त्याच विद्यापीठाची परीक्षा देणारा मंगरूळपीरचा वनवासात. पेढे रद्द. चहा घेतला.

इथं कोणी म्हणेल, वऱ्हाडातल्या खेड्यात कोण कुठलं जर्नल वाचणार? त्याला मी तीसेक किलोमीटरवर कारंजाला घेऊन जातो.

कारंजा लाड. लोक तिथं गुरुमहाराजांच्या दर्शनाला जातात. पण तिथं जैन मंदिरांत शतकानुशतकं राखलेली ग्रंथभांडारंही आहेत. १९२६ मध्ये रायबहादुर हिरालाल या निवृत्त अधिकाऱ्यानं मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपुरात छापली, आणि तिच्यात कारंजाच्या पोथ्या आल्या. नुसती सूची हो. आज ग्रंथालयं जिला कॅटलॉग म्हणतात तीच. कोणत्या गावी, कोणत्या पेटीत, काय आहे. पण तिनं झालं काय ते पाहा. त्या काळात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे हिरालाल जैन नावाचे प्राध्यापक होते. हे दुसरे हिरालाल, गोंधळ करू नका. ते या पोथ्यांना भिडले. अपभ्रंश भाषेतली काव्यं, जिच्या पोटी पुढं आपल्या भाषा जन्मल्या ती भाषा, आणि त्या काळात तिचे छापील ग्रंथ बोटांवर मोजण्याइतके. मग कारंजाहूनच ग्रंथमाला निघाल्या. १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेलं पुष्पदंताचं जसहरचरिउ, १९३३ मध्ये जैनांचं णायकुमारचरिउ, १९३४ मध्ये कनकामराचं करकंडचरिउ. या शेवटच्या काव्यात तेरजवळच्या लेण्यांचं वर्णन आहे, आणि त्यावरून धाराशिवची लेणी ओळखली गेली. कारंजाच्या पेटीतली पोथी, अमरावतीचा मास्तर, धाराशिवचा डोंगर.

हे सगळं घडलं तेव्हा अमरावतीला विद्यापीठ नव्हतं, वाय-फाय नव्हतं, नॅक तर नव्हतीच. एक छापील यादी होती, तिच्यामागं धावणारा एक वाचक होता आणि पेटीचं कुलूप काढणारा कोणीतरी होता. तिघांतला तिसरा नसता तर पहिले दोघे आजही स्टँडवरच उभे असते.

जिल्ह्याची उलटी परंपराही सांगतो, म्हणजे पक्षपात केला असं व्हायला नको. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला चौथ्या शतकातला राजा सर्वसेन यानं प्राकृतात हरिविजय नावाचं काव्य लिहिलं. आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञानं त्याची वाखाणणी केली. म्हणजे काश्मीरपर्यंत पुस्तक पोचलं होतं. आज ते कुठंच मिळत नाही; दुसऱ्यांच्या ग्रंथांत उरलेले तुकडे तेवढे आहेत. वाशिम जिल्ह्यातून गेलेलं आणि परत न आलेलं हे पहिलं नोंदलेलं पुस्तक. दिवसाला रुपयाप्रमाणे विलंब शुल्क आज सहा लाखांच्या वर जातं. आणि सर्वसेनाच्या वंशजांना नो ड्यूज मिळून गेला असणार, याची मला खात्री आहे.

इतक्या खात्रीनं बोलतो आहे, कारण माझ्याकडंही एक पुस्तक आहे. जाड पुठ्ठ्याचं, मागच्या पानाला खिसा, खिशात कार्ड, कार्डावर शेवटची तारीख १४ मार्च १९९१. मीही टीसीच्या दिवशी खिडकीवरून टेबलापर्यंत गेलो होतो. सरांनी विचारलं, पुस्तक आहे का? मी नाही म्हणालो. सरांनी रजिस्टर उघडलं नाही, कारण उघडायला त्यांना उठून कपाटापर्यंत जावं लागलं असतं. शिक्का बसला. त्या पुस्तकानं मला लिहायला लावलं, हे सदर त्याचंच व्याज समजा. दिवसाला दहा पैशांनी मुद्दल साडेबाराशेच्या आसपास झालं आहे.

तेव्हा सध्या कॉलेजात असलेल्या पोरापोरींनो, टीसीची वाट पाहू नका. उद्याच त्या टेबलाशी जा आणि एन-लिस्टचा आयडी मागा. किल्ली ड्युटीवर गेली असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोवर शोधगंगा उघडा, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उघडा. दोन्हींना कोणाच्या ड्रॉवरची गरज नाही.

मी सोमवारी पुस्तक घेऊन चाललो आहे. साडेदहाला उघडतं म्हणतात.